नव्या धानातला मोबाईल

"चालू होईन ना बाई?"

म्हातारीने स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. आत काठोकाठ धान होतं. तांदूळ नाही, सालासकट धान. मी डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मोबाईल कुठे आहे?"

तिने मनगटापर्यंत हात आत खुपसला, चाचपडून चाचपडून प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला एक मोबाईल वर काढला आणि माझ्यासमोर धरला.

साकोलीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान होतं, 'ललिता मोबाईल'. बाई मोबाईल खोलते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला उभे राहायचे. मी पण कमी नव्हते, तिकीट लावू का म्हणून विचारायची. आमचा जिल्हा धानाचा. इथे कोणाचा मोबाईल पाण्यात पडला की तो आधी तांदळाच्या डब्याकडे पळतो, चार दिवस त्याची पूजा करतो आणि सगळी वाट लागली की मग माझ्याकडे येतो. तांदळाने काही होत नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. पण धानात घातलेला मोबाईल मी पहिल्यांदाच बघत होते.

"तांदूळ तरी घालायचा, आई," मी म्हणाले. "हे धान आहे. घातलं तेव्हा नवं होतं का?"

"हाव. तेव्हाच मळणी झाली होती."

"मग झालंच. नवं धान स्वतःच ओल सोडतं, आतून गरम होतं. त्यात मोबाईल सुकणार की सडणार? सारा जन्म धानात गेला तुमचा, आणि एवढं कळू नये?"

ती डब्याकडेच बघत राहिली. उलटून बोलली नाही, कारण सांगितलं नाही. गिऱ्हाईक असं करत नाही. ते म्हणतं, जावयाने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं.

"चुकलं," ती म्हणाली.

"किती दिवस होता यात?"

"ढोलीत होता. दिवाळीच्या मांगं ढोली लिंपली. आता अखाजीले उघडली, बियाण्यासाठी."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कोठी. भरली की तिचं तोंड शेणमातीने लिंपून टाकतात आणि बियाण्याची ढोली अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कोणी उघडत नाही. म्हणजे अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा हा मोबाईल त्या अंधारात पडून होता.

"टाकून द्या हा. नवीन घ्या एखादा, साधा."

"माह्या पोराचा होय. टेकचंदचा. तो गेला त्या दिवशी त्याच्या खिशात होता."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आतून स्टूल आणून तिला बसायला दिलं.

तिचं नाव सगुणाबाई. खैरीची. धिवर म्हणजे मासेमारी करणारी माणसं, गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, शिंगाड्याची शेती. टेकचंद तिचा एकुलता एक. गेल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी संध्याकाळी तलावात उतरला तो परत आलाच नाही. सकाळी शिंगाड्याच्या वेलांत अडकलेला सापडला. हे सगळं तिने कोणाचा तरी निरोप सांगावा तसं सांगितलं.

"यात बोलणं भरून राहते ना?" तिने मोबाईलवर बोट ठेवलं. "त्यानं तसं करून ठेवलं होतं. ज्याचा फोन ये, त्याचं बोलणं आपोआप भरून जाय. हेमा त्याच्यावर ओरडे, ते हा दोस्ताइले ऐकवे अन् खीखी हासे. हेमा माही सून, हेमलता."

"राहतं. पण निघेलच असं नाही."

"त्या दिवसाचं बोलणं काढून दे मले."

"कशाला, आई? कशाला जखमेवर मीठ चोळून घेता?"

"माह्यासाठी नाई." ती जरा पुढे सरकली. "सून रोज संध्याकाळी तलावात जाऊन उभी रायते. आंधी घोट्यापर्यंत जाय. आता कमरेपर्यंत जाते. मी पाळीच्या बांधावरून हाका मारतो, घसा फाटेपर्यंत, तवा येते बाहेर. एक दिवस नाई आली तं मी काय करू? ते बोलणं तिच्या कानात गेलं पायजे. गेलं तं येईन हेमा बाहेर."

मला वाटलं, नवऱ्याचा आवाज एकदा कानावर पडला की पोरीच्या जिवाला बरं वाटेल, एवढंच म्हातारीच्या मनात आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी डबा ठेवून घेतला.

ती गेल्यावर पन्नी सोडली. मासे मारणारी, शिंगाडे काढणारी माणसं मोबाईल अशीच पन्नीत बांधून खिशात ठेवतात, शिंतोडे उडू नयेत म्हणून. बुडल्यावर पन्नी काय करणार? आतल्या बाजूने अजून ओलसर होती, आणि एका टोकाला फाटलेली. चार्जिंगच्या भोकात काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं कापूस. चिमट्याने ओढलं तर धानाचा दाणा निघाला, आणि त्याला बोटाच्या पेराएवढा कोंब. मोबाईलमधल्या पाण्यावर तो दाणा उगवला होता आणि जाग्यावरच वाळून गेला होता.

मी तो कागदावर ठेवला आणि बराच वेळ दुसरं काम करत बसले.

मग खोलला एकदाचा. बॅटरी फुगून टम्म झालेली. मेमरी कार्ड नव्हतंच, म्हणजे जे काही असेल ते आतच. बोर्डावर हिरवा गंज चढला होता. मी स्पिरिटमध्ये बोर्ड बुडवला, जुन्या ब्रशने हळूहळू घासला, पुसला, पुन्हा बुडवला. नंतर खोक्यात साठचा बल्ब लावून त्याच्याखाली सुकत ठेवला. घाई करून करंट दिला की संपलं सगळं, हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगते. त्या बोर्डाच्या बाबतीत मात्र माझाच हात शिवशिवत होता.

बुधवारी बाजार असतो. दुकानात गर्दी होती. गर्दी ओसरली तरी एक पोरगी दाराला टेकून उभीच होती. वीस-बावीसची असेल. साडीवर चिखलाची एक सरळ रेघ होती, पार कमरेशी. जुनी, धुऊन न गेलेली. ती रेघ बघून मी ओळखलं.

"हेमलता ना तू? ये, बस."

ती बसली नाही. "आत्याबाईनं मोबाईल टाकला इथं?"

"टाकला."

"नोका करू चालू, मॅडम. सांगून द्या की नाई झाला."

"का गं?"

"माहं बोलणं हाये त्यात."

काउंटरची कड घट्ट धरून ती बोलायला लागली. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्रभर दंडार, म्हणजे नाच-नाटक, चालते, पोरी माहेरी येतात. लग्नानंतरची तिची ती पहिली मंडई. नवी साडी नेसून, गजरा घालून ती दुपारपासून बसली होती. टेकचंद दुपारी येतो म्हणाला, मग उन्हं उतरल्यावर येतो म्हणाला, मग येतच नव्हता. शिंगाड्याला भाव होता ना.

"म्या फोन केला. म्हणलं, जाय, बूड त्या तलावात. मले पुन्हा तोंड नोको दाखवू." तिने माझ्याकडे पाहिलं. "बुडला तो."

"अगं, असं तर सगळ्याच बायका बोलतात. मी माझ्या नवऱ्याला रोज मर म्हणायची. चांगला जाडजूड होऊन बसलाय."

ती हसली नाही. "प्रेत आणलं तवा मीच ओरडून ओरडून सांगतलं सगळ्याइले, की म्या म्हणलं म्हणून बुडला. तवापासून सारं गाव तेच म्हणते. पोर मनाला लावून गेलं म्हणते. मले पाहून बाया पदर आवरून घेते. आत्याबाई आता म्हणते, तुह्या बोलण्यानं नाई झालं. कायबाय सांगते मले. मी मरू नये म्हून सांगते, मले समजत नाई का? तिनं ते बोलणं ऐकलं, तं तिच्या मनात माह्यासाठी जे हाये तेबी निघून जाईन."

"तुला त्याचा आवाज नको ऐकायला?"

"त्याचा आवाज मले रोज येते पाण्यातून," ती म्हणाली. "ये म्हणते."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. मी तिला काय सांगितलं ते धड आठवत नाही. चहा पाजला. बघू म्हणाले. जाताना ती माझ्या टेबलाकडे बघत नव्हती. खोक्यातल्या बल्बचा उजेड तिच्या अंगावर पडत होता, त्यातून ती बाजूला झाली.

आता मी कोणाचं ऐकायचं? मोबाईल आणणारी एक, आणि जिच्यासाठी आणला ती म्हणते नको. दुकानदार म्हणून माझं उत्तर सोपं होतं, मोबाईल ज्याने दिला त्याचं काम करायचं. पण मनाला काही ते पटेना. शेवटी म्हटलं, आधी चालू तर होऊ दे. मेलेला बोर्ड आहे, बहुतेक होणारच नाही आणि आपण यातून सुटू.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी बोर्डाला बाहेरून करंट जोडला. सप्लायवरचा काटा थरथरला. पडला. पुन्हा थरथरला आणि उभा राहिला. स्क्रीन उजळली. अर्ध्या स्क्रीनवर पाण्याचा डाग होता. उरलेल्या अर्ध्यात एक पोरगा डोंग्यात, लहान लाकडी होडीत, बसून दात काढून हसत होता, गळ्यात शिंगाड्याचा वेल हारासारखा घातलेला.

बोलणं भरून ठेवलेलं होतं. यादीत सगळ्यात वर 'माय' होतं, त्याच्या खाली 'हेमा'. मी खालचं लावलं.

"येतो येतो म्हणते अन् बसला तिथंच. मंडई उठून जाईन, तवा येजो—"

"अवं, ऐक तं—"

"काई ऐकत नाई मी. जाय, बूड त्या तलावात. मले पुन्हा तोंड नोको दाखवू."

आणि फोन आपटल्याचा आवाज. पोरगी जसं म्हणाली अगदी तसंच, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. मी पटकन बंद केलं. पुढचं लावायचा धीरच झाला नाही. हे जर मी तिच्या कानात घातलं तर ती तलावातून कशाला बाहेर येईल? मी ठरवून टाकलं. म्हातारी आली की सांगायचं, मेला तुमचा मोबाईल, मी हात टेकले.

म्हातारी शुक्रवारी आली. सुनेला मनगटाला धरून घेऊन आली होती, लहान पोराला दवाखान्यात आणतात तशी. मी तेव्हा त्याच बोर्डाशी खुडबुड करत होते. घाईने वर फडकं टाकलं.

"नाही झाला, आई. खूप केलं. आतून सडला आहे सगळा."

हेमलताने श्वास सोडला. सगुणाबाई माझ्या टेबलाकडे बघत होती.

"नाई झाला तं त्या फडक्याखाली टेकचंद कसा दिसून रायला?"

फडकं पातळ होतं आणि घाईत वाकडं पडलं होतं. एका बाजूने तो अर्धा चेहरा उजेडासकट हसत होता. हेमलताला तो दिसला. ती भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली.

"तू ऐकलं वाटते," सगुणाबाई मला म्हणाली.

"ऐकलं. म्हणूनच सांगते, हिला ऐकवू नका. ही आधीच—"

"हेमाचं ऐकलं ना?"

"हो."

"त्याच्यानंतरचं ऐकलं का? माहं?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"लाव ते."

तिच्या आवाजात असं काही होतं की मला नाही म्हणता आलं नाही. मी फडकं काढलं आणि 'माय'वर बोट ठेवलं. आधी नुसता वारा, कुठेतरी लांब मंडईचा भोंगा. मग सगुणाबाईचाच आवाज, आतापेक्षा खूप तरणा वाटणारा.

"टेकचंद, कुठं हायेस रे?"

"पाळीवर आलो, माय. निघालो घरी." आणि तो हसला. पोटातून हसला. "हेमाचा फोन आलता. बूड म्हणते मले तलावात."

"तूबी तसाच हायेस. कवाची बसली ते पोरगी."

"जिलेबी खाऊ घालतो ना तिले मंडईत. तोंडच बंद करून टाकतो, पाह्य तू." पुन्हा हसला.

"शिंगाडे आणले का सारे?"

"एक पोतं रायलं डोंग्यात. सकाळी आणतो."

"सकाळपर्यंत रायते का? मंडईचे दिवस हायेत, कोनीबी उचलून नेईन. जाय, घेऊन ये."

"डोंगा त्या काठाले बांधला, माय. फिरून जाले उशीर होईन, पोहत जा लागते. अंधार पडून रायला."

"जाय ना बाबू. एवढंसं तं हाये."

लांब भोंगा वाजत राहिला.

"बरं. जातो."

मग पाण्यात पाय टाकल्याचा एक आवाज आला आणि बोलणं संपलं.

दुकानातला पंखा गरगरत होता. रस्त्यावरून एक बस गेली. हेमलता खाली बसलेली होती, तशीच होती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "हासला तिथून."

मी लावलं. तिने हात वर केला की मी थांबवायची, पुन्हा मागे न्यायची. बूड म्हणते मले तलावात, आणि हसणं. किती वेळा लावलं कोण जाणे. प्रत्येक वेळी ती थोडी अजून रडत होती, आणि शेवटी ती मोठ्याने रडायला लागली, आपल्याकडे बाया रडतात तशी, छाती पिटून. मंडईपासून ती रडलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

सगुणाबाई स्टुलावर ताठ बसली होती.

"मी हेच सांगत होती तिले," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पटतच नवतं. तुमी मले जगवाले खोटं बोलता म्हणे."

मला राहवलं नाही. "मग इतके दिवस का थांबलात? तेव्हाच सांगायचं होतं गावाला."

"तवा नाई सांगतलं." तिने डब्याचं झाकण हातात घेतलं. "ती सोताच म्हणून रायली होती की म्या मारलं, म्या मारलं. सारे तिच्याकडं पाहत होते. माह्याकडं कोनी पाहत नवतं. म्या त्याच्या खिशातून मोबाईल काढला अन् घरी जाऊन ढोलीत टाकला. लिंपून टाकली ढोली."

"सुकावा म्हणून?"

"नवं धान ओल सोडते, बाई," ती म्हणाली. "मले माईत नसंन का?"

मी तिला काय काय सुनावलं होतं ते मला आठवलं, आणि तिने खाली मान घालून म्हटलेलं 'चुकलं'ही आठवलं.

"मंग ही पाण्यात जाले लागली," सगुणाबाई म्हणाली. "ढोली उघडली तवा म्या देवाले म्हणलं, आता हा सडला नसू दे."

हेमलता उठली. तोंड पुसलं. सासूसमोर येऊन उभी राहिली.

"सारं गाव मले खाऊन रायलं होतं. तुमी पाहत बसल्या होत्या."

"हाव," सगुणाबाई म्हणाली.

हेमलताने चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून बसस्टँडवर गेली. म्हातारी मागे मागे. खैरीची बस लागलेली होती. हेमलता खिडकीशी बसलेली मला दिसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती, पण सगुणाबाई तिथे बसली नाही. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. त्या संध्याकाळीच तो बोर्ड गेला, पुन्हा काटा हलला नाही. पण त्याआधी मी ती दोन्ही बोलणी काढून घेतली होती. नंतर हेमलता एकदा येऊन आपल्या मोबाईलमध्ये भरून घेऊन गेली. एकच भरा म्हणाली, आत्याबाईचं. तलावावर जाते का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, आणि खरंच बोलली असावी, कारण त्या दिवशी तिच्या साडीला रेघ नव्हती.

पुढल्या वर्षी मंडईला मला खैरीत एका ओळखीच्या घरी जेवायला बोलावलं होतं. संध्याकाळच्या बसने उतरले आणि पाळीवरच्या वाटेने गावाकडे निघाले. भोंगा वाजत होता. तलावावर उजेड अगदी थोडा उरला होता. शिंगाड्याच्या वेलांच्या अलीकडे, कमरेइतक्या पाण्यात, एक बाई पाठमोरी उभी होती.

मी थांबले. मनात म्हटलं, खोटं बोलली पोरगी. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पाळीवर कोणीतरी बसलेलं दिसलं. नवी साडी, केसांत गजरा. मांडीवर म्हातारीच्या चपला आणि कोरडं लुगडं. हेमलता होती.

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. ओरडली नाही ती, घाईही केली नाही. रोजचंच काम असावं तशी तोंडाला हात लावून तिने हाक दिली.

"माय."

पाण्यातली बाई हलली नाही.

"माय, काई आणू नोको. तशीच ये."